वासाचं घड्याळ

केतकी जिना उतरून फाटकापर्यंत पोचायच्या आत तिच्या कुत्रीचं, खारीचं, कण्हणं सुरू व्हायचं. भुंकणं नव्हे, घशातल्या घशात, बारीक, न थांबणारं कण्हणं. मग पुढच्या पंजांनी दार खरवडायचं. मग घरभर येरझाऱ्या. तासाभराने पुन्हा दाराशी येऊन, मान वर करून ती असा काही सूर लावायची, की समोरच्या घरातले जंगम मास्तर खिडकीत येऊन विचारायचे, "शर्वरीताई, कोणी आजारी आहे का हो तुमच्याकडे?"

"नाही हो मास्तर. केतकी कामाला गेलीय."

"एवढंच ना?" असं म्हणून मास्तर धाडकन खिडकी लावून घ्यायचे.

शर्वरी खराडेला त्या कुत्रीचा राग यायचा, कारण ती स्वतः घरातच असायची. पाटबंधारे खात्यात ती वीस वर्षं पाण्याची पातळी मोजत आली होती. आता धरणावरची यंत्रंच पाणी मोजत, पण यंत्रांनी दिलेला आकडा खरा की खोटा हे ठरवायला खात्याला अजून माणूस लागे. ते काम बहुतेक घरी बसूनच होई. खोलीत चांगलं जिवंत माणूस बसलेलं असताना ही कुत्री घर रिकामं असल्यासारखी का रडते, हे तिला उमगत नसे. अपमान झाल्यासारखं वाटे.

केतकी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटी. आई-वडील गेल्यापासून साताऱ्यात शाहूपुरीतल्या त्या दोन खोल्यांमध्ये दोघीच. चाळकेवाडीच्या पठारावर जुन्या पवनचक्क्या पाडून दुप्पट उंचीच्या नव्या उभ्या केल्या होत्या, त्यांच्या देखभालीचं काम केतकीकडे होतं. कमरेला पट्टा बांधून ती दीडशे मीटर वर चढायची आणि पाती तपासायची. तिथेच एका मनोऱ्याच्या पायथ्याशी, केबलसाठी खणलेल्या चरात, तिला हे पिल्लू सापडलं. आई आसपास कुठेच नव्हती. रंग थेट बेकरीतल्या खारीचा. हेल्मेटमध्ये घालून तिने ते घरी आणलं.

"मी कुत्र्याचं काही करणार नाही हं," शर्वरीने तेव्हाच सांगितलं होतं.

"तू नको करूस ताई. तू नुसती रागाव. कोणीतरी रागावणारं लागतंच घरात."

खारी अकरा महिन्यांची झाली तेव्हा एका दुपारी शर्वरी स्वयंपाकघरातून बाहेर आली तर दाराच्या पांढऱ्या रंगावर तांबड्या रेघा होत्या. खरवडून खरवडून खारीची दोन नखं मुळापासून निघाली होती, आणि तरी ती खरवडतच होती. शर्वरीने आयुष्यात पहिल्यांदा तिला उचललं. ते इवलंसं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं, की रागवायचं तिला सुचलंच नाही.

पोवई नाक्याजवळ डॉ. रुबीना शिकलगार यांचा दवाखाना होता. जनावरांच्या शरीरापेक्षा स्वभावाचा त्यांचा अभ्यास जास्त. खारीच्या पंजाला पट्टी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "आपण भिंतीवरचं घड्याळ बघतो, ही नाकाने बघते."

"म्हणजे?" केतकीने विचारलं.

"तुम्ही आठला घर सोडलंत, तरी तुमचा वास आठला जात नाही. तो मागे राहतो आणि हळूहळू विरतो. दहाला थोडा विरलेला, बाराला आणखी. साध्या कुत्र्याला सवयीने कळतं, वास एवढा पातळ झाला की आता मालकीण येणार. तो निवांत झोपतो. हिचं उलट आहे. चरात पडली होती तेव्हा हिच्या आईचा वास असाच विरत विरत संपला असेल, आणि आई आलीच नसेल. त्यामुळे वास विरायला लागला की हिला वाटतं, गेलं माणूस."

हा विचार शर्वरीच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

डॉक्टरांनी कपाटातून साबणाच्या डबीएवढी एक डबी काढली. तिचं नाव होतं 'मागमूस'. त्यांनी समजावून सांगितलं ते साधंच होतं. माणसाच्या कातडीतून शेकडो प्रकारची द्रव्यं सतत हवेत उडत असतात. घामातली, तेलकटपणातली, कातडीवर राहणाऱ्या जंतूंनी तयार केलेली. द्रव्यं बहुतेक सगळ्यांची तीच, पण त्यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. दोन माणसांच्या आमटीत तेच जिन्नस असले तरी चव एक नसते, तसं. अंगावरचा कपडा एक दिवस या डबीत ठेवला, की आतलं कृत्रिम नाक ते प्रमाण वाचतं. मग चाळीस मूळ द्रव्यांच्या सूक्ष्म थेंबांतून तोच वास पुन्हा घडवून हवेत सोडतं. माणसाला त्यातलं काहीही कळत नाही, इतकी मात्रा कमी. कुत्र्याला मात्र साक्षात माणूस.

"शंभर टक्क्यांवर ठेवलीत की हिला वाटेल, तुम्ही आत्ताच दाराबाहेर पडलात. पण तिथे कायम ठेवायची नाही," डॉक्टर बजावून म्हणाल्या. "दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. वास विरतो, तरी जग बुडत नाही, हे तिला शिकायचंय. तीन महिन्यांत डबी बंद. ही कुबडी आहे, पाय नव्हे."

दुसऱ्या दिवशी केतकी कामाला गेली आणि खारी दारापाशी जाऊन बसली. कान टवकारलेले, शेपटी सैल. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, दोन तास गेले. आवाज नाही. मग तिथेच कुशीवर झाली आणि झोपली. जंगम मास्तर उगाचच खिडकीत येऊन बघून गेले.

एवढं सुख लागल्यावर कोण टक्के कमी करणार? केतकी म्हणायची, पुढच्या सोमवारपासून करू. शर्वरी म्हणायची, माझा अहवाल जाऊ दे, मग करू. तीन महिने झाले, सहा झाले. डबी शंभरावरच राहिली. त्या सहा महिन्यांत घरात जेवढं हसणं झालं तेवढं आई गेल्यापासून झालं नव्हतं. खारीला फिरवायला शर्वरीसुद्धा जाऊ लागली.

मग केतकीच्या कमरेवर पट्ट्याचे वळ राहू लागले. आधी दिवसभर राहायचे, मग आठवडाभर. निळे, जांभळे. जिना चढताना तिला धाप लागली तेव्हा शर्वरीने तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. रक्ताचा कर्करोग निघाला. त्याच आठवड्यात पुण्याला दाखल व्हावं लागलं, काचेपलीकडच्या खोलीत, एकटीला.

एकाहत्तर दिवस केतकी पुण्यात होती. शर्वरी बिनचालकाच्या एसटीने दिवसाआड जा-ये करायची. ती नसताना मास्तर किल्ली घेऊन यायचे आणि खारीला जेवण घालून, फिरवून आणायचे.

"कमाल आहे हो," ते एकदा म्हणाले. "महिना झाला, हूं नाही की चूं नाही. विसरली वाटतं."

विसरली नव्हती. हे शर्वरीला एका संध्याकाळी लख्ख कळलं. पुण्याहून येऊन ती पायऱ्यांवरच बसली होती. त्या दिवशी केतकीच्या तोंडात इतके फोड आले होते, की तिने पाटीवर लिहून बोलणं केलं होतं. दार उघडंच होतं आणि दारात खारी बसली होती, कान टवकारून, चेहरा प्रसन्न. तिच्या लेखी केतकी आत्ताच गेली होती. इतक्यात येणार होती. शर्वरीचे चाळीस दिवस गेले होते; खारीचा एक तासही गेला नव्हता. शर्वरीला तिचा हेवा वाटला. डबीपाशी जाऊन तिने आकडा पाहिला. शंभर. त्याला तिने हात लावला नाही.

केतकी घरी आली ती सोमवारी, सकाळी अकराला. डोक्यावर केस नव्हते. आवाज घोगरा आणि बारीक झाला होता. वजन सोळा किलोंनी उतरलं होतं. शर्वरीने तिला धरून वर आणलं. गाडीत बसल्यापासून केतकी एकच बोलत होती, "अंगावर उडी मारेल गं ती. मला धरून ठेव हं ताई, पडेन मी."

दार उघडलं. खारी उभी राहिली.

"खारे," केतकी म्हणाली. "ये बाळा."

खारीने मान तिरकी केली. पुढे आली, केतकीच्या पायांशी नाक नेलं, हाताशी नेलं. खूप वेळ हुंगलं. मग दोन पावलं मागे सरली, तिला वळसा घालून उंबऱ्यावर गेली आणि जिन्याकडे तोंड करून बसली. कान टवकारून. केतकी यायची होती ना अजून.

केतकी भिंतीला धरून उभी होती. "ओळखलं नाही मला," ती म्हणाली. एवढंच.

डॉ. शिकलगार दुपारीच घरी आल्या. औषधांनी शरीरातली रसायनं बदलतात, यकृत वेगळं चालतं, कातडीवरचे जंतूसुद्धा पूर्वीचे राहत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. "साध्या कुत्र्याने आवाजावरून, चालीवरून जुळवून घेतलं असतं. पण आवाज, चाल, रूप सगळंच बदललंय, आणि शेजारी ही डबी ठणकावून सांगतेय, खरी केतकी वेगळी आहे. ती नाकावर विश्वास ठेवणार. डबी बंद करा. पंधरा-वीस दिवस तिला जड जाईल, मग तुमचा आताचा वास ती शिकेल. किंवा डबीतच नवा वास भरू, आजच काम होईल."

"नवा वास भरून?" केतकी म्हणाली. "मग परत पहिल्यापासून तेच."

डॉक्टर गेल्यावर तिने शर्वरीला पलंगावर जवळ बसवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला एकटीला जे सांगितलं होतं ते तिने तेव्हा सांगितलं. औषधं लागू पडली नव्हती. चार महिने, फार तर पाच.

शर्वरी म्हणाली, "दुसऱ्या डॉक्टरला विचारू."

"विचारलं. तिसऱ्यालाही विचारलं." केतकीने तिचा हात हातात घेतला. "माझं ऐक. खारी ज्या केतकीची वाट बघतेय ती गेलीच आहे. ते तिला कळू दे. पण मी असताना कळू दे. डबी रोज दोन टक्के कमी कर. मी आतल्या खोलीत राहते. तिला हाक मारत नाही, तिच्यासाठी कुणीतरी परकी बाई राहायला आलीय असं समजू. माझे कपडे धुऊन टाक, उशीचे अभ्रे, पट्टा, सगळं. पन्नास दिवसांत ती मला रडून मोकळी होईल. मी गेल्यावर तुला एकटीला ते बघायला लागू नये."

"तू घरात जिवंत असताना ती तुझं सुतक पाळणार?" शर्वरीचा आवाज चढला. "असलं काही मी करणार नाही."

"आकडे तूच बघायचेस ताई. मला जमणार नाही. मी चार दिवसांत शंभरावर नेऊन ठेवीन."

शर्वरीने कपडे धुतले. दोन दोनदा, गरम पाण्यात. कामाचा निळा सदरा, पठारावरच्या वाऱ्यात घालायचं जाड जाकीट, आईच्या साडीची शिवलेली गोधडी. दोरीवर वाळत घालताना तिने प्रत्येक कपडा एकदा नाकाशी नेला. साबणाचा वास येत होता.

मग रोज सकाळी नऊला ती डबी दोन टक्क्यांनी उतरवू लागली आणि वहीत आकडा लिहू लागली. नव्वदपर्यंत काही झालं नाही. सत्तरला खारी झोपेतून दचकून उठू लागली. पन्नासला कण्हणं आलं. तेच, घशातल्या घशातलं. चाळीसला ती पुन्हा दाराशी उभी राहिली, पण खरवडेना, नुसती उभी. आतल्या खोलीत केतकी उशी कानांवर दाबून पडलेली असे. शर्वरीला दोन्ही दिसायचं. मधल्या दारात उभं राहिलं, की डाव्या हाताला ती आणि उजव्या हाताला ती. मध्ये पंधरा पावलांचं अंतर.

तीसवर खारीने खाणं सोडलं. मास्तरांनी आणलेला उकडलेल्या अंड्याचा बलकही तिने हुंगला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी डबीपाशी गेली, बराच वेळ उभी राहिली, आणि आकडा खाली नेण्याऐवजी वर नेला. साठ. अर्ध्या तासात खारीने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि दाराशी जाऊन बसली. कान टवकारलेले.

दोन दिवस घर शांत होतं. केतकीने विचारलं, "आज किती?"

"बावीस."

"ताई, आकडा सांग."

आकड्याच्या बाबतीत शर्वरी आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. "साठ," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"परवापासून. उपाशी होती गं ती. मला बघवेना."

"तिच्यासाठी वाढवलंस की तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी कशाला? मला काय कळतंय त्या वासातलं?" शर्वरी फणकारली. पण पुढचं तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "ती तशी कान टवकारून बसली ना दाराशी, की मला वाटतं, खरंच येईल केतकी. वर येईल, हेल्मेट आपटेल, चहा मागेल. ती... आधीची."

हे आपण कुणासमोर बोललो, ते तिला बोलून झाल्यावर कळलं. पलंगावर केतकी बसली होती, टक्कल झालेली, हाताच्या काड्या झालेल्या, तिच्याकडेच बघत.

शर्वरीने तोंडाला पदर लावला.

"रडू नकोस," केतकी म्हणाली. "मलाही तीच यायला हवीय. पण ती येणार नाहीये ताई. जी आहे ती मीच आहे. तू त्या दाराकडे बघत बसलीस तर माझ्याकडे कोण बघणार?"

तिने हात पुढे केला. शर्वरीने तिला धरून बाहेरच्या खोलीत आणलं. केतकीने स्वतःच्या बोटाने आकडा खाली नेला. अठ्ठावीस. खारीने एकदा मान वळवून या परक्या बाईकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

पुढे शर्वरी चुकली नाही. वीस, दहा, चार. शून्यावर आल्याच्या दिवशी खारी दारातून उठली आणि घरभर फिरली. केतकीचं रिकामं कपाट, केतकीची खुर्ची, न्हाणीघराचा कोपरा. प्रत्येक ठिकाणी नाक टेकवून थांबली. मग शर्वरीच्या टेबलाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. तीन दिवस पडून होती. शर्वरी काम सोडून जमिनीवर तिच्याजवळ बसायची आणि वाटीतलं पाणी बोटाने तिच्या ओठांना लावायची. तेवढं ती चाटायची.

चौथ्या दिवशी दुपारी खारी उठली, पाणी प्यायली, आणि आतल्या खोलीत गेली.

शर्वरी दारात थांबली. केतकी उशीला टेकून बसली होती. तिने हाक मारली नाही. अनोळखी कुत्र्यापुढे धरतात तसा पालथा हात तिने पुढे केला आणि नजर दुसरीकडे वळवली. खारीने हात हुंगला. सावकाश, शिष्टाचाराने हुंगला. मग पलंगाशेजारी खाली बसली.

केतकीने तिच्या मानेवर हात ठेवला. "नमस्कार बाई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी इथे नवीन आहे."

त्यानंतर दोघींची मैत्री झाली. पण ती पूर्वीसारखी वेड्यासारखी नव्हती. खारी तिच्यापाशी यायची, तिच्या पायांवर हनुवटी ठेवून झोपायची, आणि कंटाळा आला की उठून गच्चीत जायची. केतकीला रक्त चढवायला दोन-दोन दिवस दवाखान्यात न्यावं लागे. परत आली की खारी शेपटी हलवून स्वागत करी, पण मधल्या वेळात जेवण सोडत नसे, दार खरवडत नसे.

"शेजारीण झाले मी तिची," केतकी एकदा हसून म्हणाली. "चांगल्या संबंधातली." मग भिंतीकडे वळून ती खूप वेळ पडून राहिली. शर्वरीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीचा एक एक मणका बोटांना लागत होता.

साडेचार महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी केतकी गेली. शर्वरी तिला लिंबाचं सरबत चमच्याने देत होती. तिसरा चमचा आत गेला नाही. खारी पलंगाखालून बाहेर आली, लोंबणाऱ्या हाताला नाक लावलं, आणि शर्वरीच्या पायांशी येऊन बसली. दोन दिवस ती कमी जेवली. तिसऱ्या दिवशी पुरतं जेवली. केतकीने ठरवलं होतं तसंच झालं होतं, एका कुत्रीपुरतं.

पुढे महिना-दीड महिना गेला. जंगम मास्तर रोज सकाळी आठला येत आणि खारीला गोडोलीच्या तळ्यापर्यंत फिरवून आणत. "मलाच सवय लागली," असं म्हणत. डॉ. शिकलगारांचा निरोप होता, डबी वापरात नसेल तर परत द्या, दुसऱ्या एका पिल्लाला हवी आहे; आतली नोंद पुसून घेऊ. शर्वरीने उद्या येते म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खारीला घेऊन गेले आणि शर्वरीने डबी कपाटातून काढली. नुसती पुसायला. पण हातात घेतल्यावर तिला वाटलं, जगात केतकीचा म्हणून जो काही अंश उरलाय तो एवढ्यातच आहे. कपडे आपण धुतले, दोन दोनदा. तिने कळ फिरवली. शंभर.

डबी तिने दोन्ही हातांत धरली आणि नाकाशी नेली. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येत होता. डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला. काही नाही. खोलीभर केतकी होती, चढायला निघालेली, घामेजलेली, एकतीस वर्षांची धडधाकट केतकी होती. आणि तिच्या बहिणीच्या नाकाला त्यातलं कणभरही कळत नव्हतं. शर्वरी तशीच बसून राहिली, डबी ओंजळीत घेऊन, जास्त वेळ धरली तर येईल या आशेने.

जिन्यात मास्तरांच्या काठीचा आवाज झाला तेव्हा ती भानावर आली.

"अरे देवा." तिने डबी बंद करून पिशवीत कोंबली, पिशवीवर पिशवी घातली. खिडक्या उघडल्या, पंखा जोरात लावला. बादलीत फिनेल ओतून ती गुडघ्यांवर बसली आणि फरशी पुसू लागली, भराभर, कोपऱ्यापासून. जे परत मिळावं म्हणून अर्धा तास बसली होती तेच ती पुसून काढत होती. डोळ्यांतलं पाणी फरशीवर पडत होतं आणि ती तेही पुसत होती.

"ताई, आम्ही आलो," मास्तर म्हणाले.

खारी उंबऱ्यावर थबकली. नाक वर गेलं. अंगावरून एक शहारा गेला. शेपटी एकदा हलली, मग दुसऱ्यांदा, मग थांबेचना. ती आत धावली, कपाटापाशी, खुर्चीपाशी, आतल्या खोलीत, परत बाहेर. आणि मग दाराशी जाऊन जिन्याकडे तोंड करून बसली.

"काय झालं हो हिला?" मास्तरांनी विचारलं.

"माझी चूक झाली मास्तर," शर्वरी म्हणाली. "तुम्ही जा. मी बसते तिच्यापाशी."

ती ओल्या हातांनीच खारीच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. दार सताड उघडं ठेवलं. खिडकीतून वारा आत येत होता आणि त्यांच्या अंगावरून जिन्यात जात होता. त्याच्याबरोबर किती गेलं आणि किती उरलं, ते मोजायचं कुठलंही साधन शर्वरीपाशी नव्हतं. ते खारीला कळत होतं. म्हणून ती खारीच्या कानांकडे बघत राहिली.

अकरा वाजले, बारा वाजले. कोणी जेवलं नाही. एकच्या सुमारास खारी बारीक कण्हली. शर्वरीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही. दोनला एक कान खाली आला.

तीन वाजून गेल्यावर खारी उठली. अंग झाडलं, शर्वरीचा हात एकदा चाटला, आणि आत जाऊन पाणी प्यायली. वाटीतलं पाणी संपेपर्यंत शर्वरी तो आवाज ऐकत होती. मग तिनेही भिंतीला धरून उठून दार लावून घेतलं.